राजिवड्यातला एकशे अठरावा नंबर

रत्नागिरीच्या राजिवडा मोहल्ल्यात मंगळवारी दुपारी कुलसुम टीचरच्या वाटेला कुणी जात नसे. दूधवाला, शेजारची राजश्री, जमातीच्या हॉलचा वॉचमन, सगळ्यांनी एकेकदा बोलणी खाऊन हे शिकून घेतलं होतं. जगभरातल्या टेबल टेनिस खेळाडूंची क्रमवारी दर मंगळवारी नव्यानं लागते. टीचर चष्मा पुसायच्या, मोबाइल हातात घेऊन ओटीवर बसायच्या आणि ती यादी वरून खाली वाचायच्या. आपली शिष्या झोया हिचं नाव टाकून थेट तिचा नंबर काढता येतो हे त्यांना पोरींनी दहा वेळा दाखवलं होतं. पण तसं करणं त्यांना लबाडीचं वाटे. आधी चिनी पोरी, मग जपानी, मग कोरियन आणि जर्मन, असं एकेका नावावर नाक मुरडत त्या खाली उतरत आणि झोयाच्या नावाशी आल्या की थांबत. नंबर वर गेला असला तर घरात चहा व्हायचा. खाली आला असला तर भांडी आपटायची.

टीचरचा राग जुना. वय बासष्ट, त्यातली चाळीसेक वर्षं तरी राग नाकाच्या शेंड्यावर. उर्दू शाळेत त्या पी.टी. शिकवायच्या आणि त्यांची शिट्टी पार भाट्याच्या पुलापर्यंत ऐकू जाते, असं पोरं म्हणायची. वडील मालवाहू जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. जहाजावर खलाशांसाठी टेबल टेनिसचं टेबल असे, जमिनीला बोल्टांनी ठोकलेलं. जहाज डोलत असताना वडील त्यावर खेळायला शिकले. जपानहून त्यांनी दोन बॅटी आणि जाळी आणली, पडवीतला जुना दरवाजा दोन पिंपांवर आडवा टाकला आणि लेकीला समोर उभं केलं. एकोणिसाव्या वर्षी तिची राज्याच्या संघात निवड झाली, तेव्हा वडील आफ्रिकेच्या बाजूला कुठंतरी जहाजावर होते. घरात सत्ता चाचाची. चाचा म्हणाला, "पोरगी एकटी पुण्याला जायची नाय." संपलं. चाचाला जाऊन तीस वर्षं झाली, पण त्याच्यावरचा राग टीचरनी ताज्या मासळीसारखा बर्फात घालून ठेवला होता.

लग्न झालं, नवरा साधा, भला माणूस होता. मूल मात्र राहिलं नाही. पहिल्या खेपेला दुसऱ्या महिन्यातच आनंदानं साऱ्या मोहल्ल्याला सांगून झालं आणि तिसऱ्या महिन्यात सगळं आटोपलं. बायका म्हणाल्या, नजर लागली. एवढ्या लवकर सांगतात काय? दुसऱ्या खेपेला टीचरनी सख्ख्या आईलासुद्धा सांगितलं नाही, तरी पाचव्या महिन्यात तेच झालं. आता जी बाई वर्गात पोरांना चेंडूची फिरकी, वाऱ्याचा दाब समजावून सांगते, तिच्या लक्षात यायला हवं होतं की दुसऱ्या वेळी नजर लावायला कुणाला माहीतच नव्हतं. पण ती दुसरी खेप टीचर कधी मोजत नसत. नजर त्यांच्या मनात जी बसली ती बसलीच.

मग त्यांनी जमातीच्या हॉलमध्ये टेबल टाकलं आणि पोरींना शिकवायला सुरुवात केली. निकाह असला की टेबल मिटवायचं, दुसऱ्या दिवशी परत उघडायचं. एकदा बिर्याणीवाल्यांनी टेबलावरच डेग उतरवली. टीचरनी त्या आचाऱ्याला हॉलबाहेर काढलं आणि नवऱ्या मुलाच्या बापाला सर्वांदेखत सुनावलं की तुमच्या जेवणापेक्षा माझ्या पोरींचं टेबल जास्त पाक-साफ आहे. तो माणूस त्यांच्याशी पुन्हा कधी बोलला नाही. टीचरचं काही अडलं नाही.

झोया या हॉलमध्ये आली तेव्हा नऊ वर्षांची होती. बाप मासळीचा व्यापारी, घरात चार पोरं, ही तिसरी. अंगानं काडी, पण समोरच्याकडे अशी बघायची की मोठ्या पोरी चुळबुळायला लागत. टीचरनी तिच्या बॅटीच्या उलट्या बाजूला लांब दाण्यांचं रबर लावलं. त्या रबरावरून चेंडू परत जातो तो उलटी फिरकी घेऊन. समोरची जेवढी जोर लावील तेवढी फसते. राजिवड्याची पोरगी चिपळूणला जिंकली, मुंबईला जिंकली, मग विमानात बसून परदेशात जिंकायला लागली. चारशे बारा. दोनशे साठ. एकशे सत्तर. आणि पंचविसाव्या वर्षी, एका मार्च महिन्यातल्या मंगळवारी, एकशे अठरा.

त्या आठवड्यात नाक्यावर बॅनर लागला. "जगात ११८ वी! राजिवड्याची शान!" नगरसेवकाचा फोटो परातीएवढा, झोयाचा लिंबाएवढा. टीचरनी बॅनर लावणाऱ्या पोरांना तिथंच झाडलं. "खेळली कोण? हा? याला चेंडू तरी दिसतो काय?" पण रात्री जेवताना त्यांचा घास दोनदा हातातच राहिला, हेही खरं. लोक मासळी घेताना बांगड्याचा भाव विचारावा तसं विचारायला लागले, "टीचर, या आठवड्याला कितवा?" टीचर वरवर खेकसायच्या आणि नंबर सांगायच्या.

झोयाचं लग्न अरशदशी झालेलं. तो जहाजावर इंजिनियर, सहा महिने पाण्यावर, माणूस समजूतदार. जुलैची सुट्टी संपवून तो गेला आणि ऑगस्टमध्ये एके संध्याकाळी झोया टीचरकडे आली. दार लावून घेतलं, चाचणीची पट्टी दाखवली आणि हसली. टीचरनी तिला छातीशी धरलं, एवढं की पोरगी म्हणाली, श्वास घेऊ द्या.

मग झोया मुद्द्यावर आली. पुढच्या दोन स्पर्धांत तिचं नाव गेलेलं होतं.

"टीचर, संघटनेला काय कळवू? खरां लिवू काय?"

"येडी झालीस काय गो? तिसरा महिना सरल्याबिगर कुणाला बोलायचां नाय. त्यांच्या त्या ग्रुपवर पन्नास माणसां हायत. पन्नास जणांची नजर!"

"पण ते कारण मागतील."

"मी लिवते. तू गप ऱ्हा."

आणि टीचरनी क्लबच्या लेटरहेडवर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: "ताप येत असल्याने कु. झोया दोन्ही स्पर्धांत सहभागी होऊ शकत नाही." घाईत सौ.च्या जागी कु. पडलं, तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही. सही केली, फोटो काढला, मुंबईला संघटनेच्या अनिलरावांना पाठवला. अनिलरावांनी वर केलेला अंगठा पाठवला. टीचरच्या लेखी विषय मिटला.

विषय तिथून सुरू झाला. त्या क्रमवारीची रीत अशी की वर्षभरातल्या सर्वांत चांगल्या आठ स्पर्धांचे गुण धरायचे, आणि स्पर्धेला वर्ष उलटलं की तिचे गुण वजा. सप्टेंबरात एकशे चोवीस. ऑक्टोबरात, आदल्या ऑक्टोबरच्या स्पर्धेचे गुण गळाले तेव्हा, एकशे त्रेपन्न. दिवाळीच्या सुमाराला तीन महिने सरून गेले होते. मग झोयानं सगळ्यांना सांगितलं, अनिलरावांना मिठाईचा डबा गेला, "अभिनंदन" असा निरोप आला. डिसेंबरात दोनशे सात.

"खेळत नाय तर हरते कशी?" टीचर ओटीवरून ओरडायच्या. "घरात बसून ओकाऱ्या काढते पोरगी. तिला हरवतंय कोण? नाव सांगा मला!" नाव कोण सांगणार? मोबाइलमधल्या यादीला काय तोंड असतं? त्या दर आठवड्याला अनिलरावांना फोन करत. ते म्हणत, "बघतो टीचर, वरिष्ठांशी बोलतो." बघतो म्हणणारा माणूस बघत नसतो, हे शाळेत तीस वर्षं काढलेल्या बाईला कळायला हवं होतं. कळत होतंही. म्हणून तर भांडी आपटत होती.

एप्रिलमध्ये झारा झाली. त्या आठवड्यातल्या मंगळवारी नंबर दोनशे नव्वद होता आणि टीचरनी तो कुणाला सांगितला नाही. लोकांनीही विचारणं सोडलं होतं. हेच टीचरला जास्त झोंबलं. वर जाताना सगळे शिडी धरायला होते, खाली उतरताना एकाला वेळ नव्हता.

जुलैमध्ये त्या बंदरावर गेल्या होत्या. मासेमारीची बंदी चालू, बोटी वर ओढून ठेवलेल्या. मासेमार शिवाच्या जाळ्यांच्या ढिगावर दगड ठेवून एक फाटका बॅनर अंथरलेला होता आणि त्यावर झोयाचा अर्धा चेहरा. टीचर तिथंच कडाडल्या.

"शिवा! मेल्या, लाज नाय वाटत? पोरीच्या तोंडावर दगड ठेवतोस?"

शिवा बिचारा बिडी टाकून उभा राहिला. "टीचर, रस्त्यात पडलेला. जाळी भिजत होती म्हणून वायच..."

"तुझी बोट किती महिने वर हाय?"

"दोन."

"दोन महिन्यांत एक बांगडा तरी आणलास?"

"बंदी हाय ना टीचर. आणू कसा?"

"मग बोटीवरचा नंबर कुणी येऊन पुसला काय तुझा?"

शिवानं खरंच वळून बोटीकडे बघितलं. "नाय."

"मग माझ्या पोरीचा का पुसतात?"

शिवानं दगड काढले आणि बॅनरची घडी करून टीचरच्या हातात दिली. जाळी भिजली ती भिजलीच. एवढ्या रागातही टीचरना त्याचं वाईट वाटलं, पण तसं सांगायचं कसं हे त्यांना कधी जमलं नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी टीचर यादी वाचायला बसल्या. चारशे गेले, पाचशे गेले, सातशे गेले. ज्यांची नावं उच्चारता येत नाहीत अशा देशांच्या पोरी आल्या, पंधरा वर्षांच्या, चाळीस वर्षांच्या. यादी संपली. टीचरनी चष्मा पुसून पुन्हा वरून सुरुवात केली. दीड तास लागला. शेवटी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा झोयाचं नाव टाकून शोधलं. काही मिळालं नाही. घसरलेल्याला निदान खाली का होईना जागा असते. इथं वर्षभरात एकही स्पर्धा नाही, म्हणून गुण शून्य, म्हणून नावच नाही. सतरा वर्षं घाम गाळलेली पोरगी जणू कधी खेळलीच नव्हती.

झोयाला फोन केला तर ती शांतपणे म्हणाली, "मना माहीत होतां, टीचर. सकाळीच बघितलां." ती महिन्याभरापासून झाराला सासूकडे ठेवून हॉलमध्ये सरावाला येत होती. हाताची सवय सुटली होती, दम यायला वेळ लागत होता. नोव्हेंबरात एक छोटी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. नंबर असता तर सरळ प्रवेश मिळाला असता. नंबर नाही, तेव्हा पात्रता फेरी. आणि पात्रता फेरीतही देशाच्या मोजक्या जागा. त्यातली एक संघटनेनं दिली तर ठीक. नाहीतर खेळायला नंबर पाहिजे आणि नंबराला खेळायला पाहिजे. सव्विसावं वर्ष सरत आलेल्या बाईनं या चक्रात किती फिरायचं?

सप्टेंबरात जिल्हा स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला अनिलराव रत्नागिरीला आले. टीचरनी सकाळीच इस्त्रीची साडी काढली. भांडायला जाताना त्या नेहमी इस्त्रीची साडी नेसत. हॉल भरलेला होता. तिसऱ्या रांगेत झोया, मांडीवर झारा. अनिलराव "ग्रामीण भागातील क्रीडा संस्कृती" एवढं म्हणाले आणि टीचर उभ्या राहिल्या.

"संस्कृती ऱ्हाऊ द्या. आधी मला सांगा, एक बाई आई झाली म्हणून तिचा नंबर खाता? पुरुषाचा हात मोडला तर तुमी धावता. बाईला पोर झालां तर ती मेली काय? कुठल्या चोराच्या वहीत लिवलाय हा नियम?"

अनिलराव माईकपासून बाजूला झाले, खाली उतरले, टीचरपाशी आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू आवाजात बोलले.

"टीचर, बाळंतपणासाठी नंबर राखून ठेवायचा अर्ज असतो. खेळ थांबवताना करावा लागतो, डॉक्टरांच्या दाखल्यासकट. मी वरिष्ठांकडे दोनदा विचारलं. ते म्हणाले, थांबवायचं कारण काय नोंदवलंय?" त्यांनी मोबाइल पुढे केला. "हे."

टीचरनी चष्मा पुसला नाही. अक्षर लांबूनही ओळखू येत होतं.

"तापासाठी कुणी नंबर राखून ठेवत नाही हो," अनिलराव म्हणाले.

"आणि मिठाई खाल्लीत तेव्हा?" टीचरचा आवाज परत चढला. "तेव्हा अर्जाचां सांगायला तोंड नव्हतां? तेव्हा दात चिकटले होते?"

अनिलरावांनी मान खाली घातली. "मला वाटलं तुम्ही केला असेल. मी विचारायला हवं होतं, हे खरं."

अर्धा अपराध त्या माणसाच्या पदरात पडला. टीचरना वाटलं होतं की असं झालं की गार वाटेल. वाटलं नाही. उरलेला अर्धा मोबाइलच्या पडद्यावर वळणदार अक्षरात लिहिलेला होता, आणि तिसऱ्या रांगेतली पोरगी सगळं ऐकत होती.

"अक्षर माझां हाय," टीचर म्हणाल्या. हॉलला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तिना विचारलां होतां, खरां लिवू काय म्हणून. मी नको म्हटलां. नोव्हेंबरची जागा तिला द्या. शिक्षा करायची तर मला करा."

"नाव पाठवतो," अनिलराव म्हणाले. "आजच पाठवतो."

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना. टीचर कुणाकडे न बघता मागच्या व्हरांड्यात गेल्या. तिथं मुलांच्या चपलांचा ढीग होता आणि सरावाचं एक टेबल टाकलेलं होतं. पाठोपाठ झोया आली, कडेवर झारा. टीचर बोलायला लागल्या की जागा मिळाली, आता दोन महिने आहेत, पहाटे पाचला सुरुवात करू, पायांवर काम करायला हवं...

"टीचर, थांबा."

ही पोरगी सतरा वर्षांत त्यांच्यावर आवाज चढवून बोलली नव्हती. आत्ताही आवाज चढलेला नव्हता, पण एकेक शब्द तोडून येत होता.

"वर्षभर तुमी सगळ्यांना शिव्या दिल्यात. त्या यादीला, अनिलरावांना, शिवाला. मी आयकत होते. मना वाटायचां, टीचर माझ्यासाठी भांडतायत. तुमी एकदा तरी तो कागद आठवलात?"

"गो, तुझ्याच काळजीनं..."

"माझी काळजी नव्हती ती. तुमची भीती तुमी माझ्या नावावर लिवलीत. मना ताप नव्हता, टीचर. मी चांगली होते."

टीचरनी टेबलाची ढिली पडलेली जाळी ओढून ताणली.

"नोव्हेंबरला मी जाणार," झोया म्हणाली. "बेंचवर समीक्षा येईल. सावर्ड्याच्या शाळेतून ती सुट्टी काढणार हाय, मी बोलले तिच्याशी. तुमी येऊ नका."

समीक्षा टीचरचीच जुनी विद्यार्थिनी. चांगली होती. पण झोयाच्या पहिल्या सामन्यापासून तिच्यामागच्या बेंचवर, हातात पाण्याची बाटली घेऊन, टीचरशिवाय दुसरं कुणी बसलेलं नव्हतं. टीचरना राग आला, कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांनी तो चाचावर टाकून बघितला, अनिलरावांवर टाकून बघितला. कुठंच बसेना.

"बरां," त्या म्हणाल्या.

"आणि झारा तुमच्याकडे ऱ्हाईल. आठ दिवस. सासूचे गुडघे दुखतात, तिला जमायचां नाय. दुसऱ्या कुणाकडे मी ठेवायची नाय."

टीचर दोन पावलं मागे सरकल्या. झारा पाच महिन्यांची झाली होती आणि त्यांनी तिला एकदाही उचललं नव्हतं. घरी गेल्या तरी दारात उभ्या राहून, लांबूनच बघून परत यायच्या. ज्या बाईचं एकही मूल जगलं नाही तिनं दुसरीच्या मुलाकडे टक लावून बघू नये, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीच स्वतःला बजावलं होतं.

"माझ्याकडे नको गो. मी... माझी नजर..."

"नजर!" झोया ओरडली, अशी की आत चाललेलं भाषण थांबलं. झारा दचकून रडायला लागली. "परत नजर! त्या नजरेनं माझा नंबर खाल्ला, टीचर, अजून काय खायला घालू तिला? धरा! धरा म्हणते ना!"

आणि तिनं ते रडणारं पोर टीचरच्या छातीशी अक्षरशः लोटलं. टीचरचे हात आपोआप वर आले. झोयानं टेबलावरची बॅट उचलली आणि डोळे पुसत आत निघून गेली. झारा अंगाला आळेपिळे देत, लालबुंद होऊन, जिवाच्या आकांतानं ओरडत होती, आणि कुलसुम टीचर पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे जवळून बघत होत्या.